गणितपंडित लिओनार्ड ऑयलर व त्याचा खांब

आमच्या वर्गात दरवर्षी आम्ही एक लहानसा प्रयोग करून दाखवीत असतो. एक फुटाची जुनी लाकडी पट्टी मेजावर उभी धरावयाची व तिच्या वरच्या टोकावर तळहाताने हळूहळू दाब द्यावयाचा. प्रथम काहीच होत नाही. पट्टी निमूटपणे भार सोसते. मग एका क्षणी, हात किंचित जड होताच, ती एकाएकी कुशीवर बाक घेते. मुले हसतात. पट्टी मोडलेली नसते, चिरडलेलीही नसते. हात काढताच ती पूर्ववत सरळ होते. नंतर तसल्याच दुसऱ्या पट्टीचा मधोमध कापलेला अर्धा तुकडा आम्ही उभा करतो व वर्गातील एखाद्या धट्ट्याकट्ट्या मुलास पाचारण करतो. त्याच्या कपाळावर घाम येतो, पण तुकडा सहजासहजी नमत नाही. लाकूड तेच, जाडी तीच, रुंदीही तीच. केवळ लांबी निम्मी झाली आणि भार सोसण्याची शक्ती चौपट झाली. ती दुप्पट न होता चौपटच का व्हावी, असे गेल्या वर्षी एका मुलीने विचारले. हा प्रश्न ज्याने प्रथम गणिताने सोडविला त्या पुरुषाचे चरित्र तिच्यासाठी व तिच्या बरोबरीच्या मुलामुलींसाठी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लिओनार्ड ऑयलर हा १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या बाझल नगरात जन्मास आला. त्याचा पिता पाउल ऑयलर हा प्रॉटेस्टंट मंडळीचा पाळक होता. पुत्राच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्याची नेमणूक जवळच्या रीहेन गावी झाली व लिओनार्डचे बालपण तेथेच गेले. पाळकाचे घर म्हणजे श्रीमंती नव्हे, परंतु त्या घरात पुस्तके होती, आणि विशेष म्हणजे गणिताची आवड होती. पाउलने विद्यार्थिदशेत याकोब बर्नुली या थोर गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, व मुलास गणिताचे पहिले धडे त्यानेच दिले.

तेराव्या वर्षी लिओनार्ड बाझलच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी हे वय फारसे आश्चर्याचे मानीत नसत. तेथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली गणित शिकवीत असे. तो मोठा कामात गढलेला व काहीसा तापट गृहस्थ होता; खासगी शिकवणी देण्यास त्याने साफ नकार दिला. मात्र एक सवलत ठेविली. मुलाने कठीण ग्रंथ आपले आपणच वाचावेत, आणि जेथे अडेल तेवढ्यापुरते शनिवारी दुपारी येऊन विचारावे. लिओनार्ड आठवडाभर झटून वाची व शनिवारी गुरूस शक्य तितके थोडे प्रश्न विचारावे लागावेत म्हणून झटे. शिकवणीवाचून मुलांचे अडते असे समजणाऱ्या आमच्या काळातील पालकांस ही पद्धत कशी वाटेल हे आम्ही सांगू शकत नाही. पण तिचे फळ काय आले ते पुढे दिसेलच.

पित्याची इच्छा मुलाने आपल्यासारखेच पाळक व्हावे अशी होती. तदनुसार लिओनार्डने ईश्वरविज्ञान, ग्रीक व इब्री यांचा अभ्यास आरंभिलाही. परंतु मन तिकडे रमेना. अखेर योहान बर्नुलीने स्वतः पाउल ऑयलरशी बोलून त्याचे मन वळविले. पिढीजात सेवेची आशा पाउलने सोडून दिली. मुलाने मात्र पित्याचा विश्वास सोडला नाही. पुढे आयुष्यभर, राजाच्या दरबारात असतानाही, रोज सायंकाळी घरातील सर्वांस एकत्र करून पवित्र शास्त्राचा अध्याय वाचण्याचा त्याचा नेम होता.

सन १७२७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्परिषदेने एका प्रश्नावर निबंध मागविले. जहाजावर डोलकाठ्या किती व कोठे उभाराव्यात, हा तो प्रश्न. वीस वर्षांच्या या तरुणाने निबंध पाठविला. गंमत अशी की स्वित्झर्लंडला समुद्रच नाही व या लेखकाने समुद्रगामी जहाज डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते! आपले निष्कर्ष निसर्गाच्या निश्चित नियमांवरून काढलेले असल्यामुळे प्रत्यक्ष पडताळ्याची गरज नाही, असे त्याने ठासून लिहिले होते. ही तारुण्यातील बेफिकिरी होय, व तिचे प्रायश्चित्त त्याने वृद्धपणी कसे घेतले ते आम्ही पुढे सांगणार आहोत. पहिले पारितोषिक पिएर बुगेर या फ्रेंच विद्वानास मिळाले. ऑयलरचा निबंध प्रशंसेस पात्र ठरला. त्याच सुमारास बाझल येथे पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा मोकळी झाली होती, तीही त्याच्या अल्पवयामुळे त्यास मिळाली नाही.

म्हणून त्याने मायभूमी सोडली. ऱ्हाइनवरील नावेतून, मग गाड्यांतून, व शेवटी ल्यूबेक बंदरातून जहाजाने तो १७२७ च्या मे महिन्यात रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे पोहोचला. समुद्र त्यास आता दिसला! तेथील नव्या विद्वत्परिषदेत योहान बर्नुलीचा पुत्र डानिएल हा आधीच काम करीत होता. पहिली काही वर्षे पगार अपुरा म्हणून ऑयलरने रशियन आरमारात वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरीही केली. १७३३ साली डानिएल बाझलला परतला व गणिताचे मुख्य आसन ऑयलरकडे आले. पुढल्याच वर्षी त्याने कॅथरिना ग्सेल हिच्याशी विवाह केला. ती एका स्विस चित्रकाराची कन्या. या दांपत्यास तेरा अपत्ये झाली, त्यांपैकी केवळ पाच वाढून मोठी झाली. मांडीवर मूल व पायांशी दुसरे खेळत असता तो कठीणातील कठीण गणिते लिहीत असे, अशी त्याची ख्याती होती. घरात आठ वेळा लहान शवपेटी उतरली असेल, हेही वाचकांनी ध्यानात आणावे. १७३५ मध्ये तो तापाने मरणोन्मुख झाला होता. त्यातून वाचला, परंतु १७३८ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली.

रशियातील राजकीय अस्वस्थतेस कंटाळून १७४१ साली तो प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून बर्लिनला गेला. येथे तो पंचवीस वर्षे राहिला. या काळातील त्याच्या ग्रंथांची नुसती नावे देण्यासही आम्हांस पृष्ठे पुरणार नाहीत. आपण एकाच ग्रंथापाशी थांबू, कारण आमच्या पट्टीचे रहस्य त्यात आहे.

हा ग्रंथ १७४४ मध्ये लॅटिन भाषेत छापला गेला. असंख्य वक्ररेषांतून एखादी गोष्ट अत्यंत कमी अथवा अत्यंत अधिक करणारी रेषा कशी शोधावी, हा त्याचा विषय. त्यातील युक्ती मुलांसही समजेल अशी आहे. संबंध वक्ररेषा एकदम हाताळता येत नाही, म्हणून ऑयलरने तिचे लहान लहान सरळ तुकडे कल्पिले. साखळीच्या कड्यांप्रमाणे ते सांध्यांनी जोडलेले आहेत. एक सांधा किंचित हलविला तर काय बदलेल याचा हिशेब करावयाचा, आणि मग तुकडे अधिकाधिक बारीक करीत जावयाचे. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

ग्रंथाच्या शेवटी त्याने एक पुरवणी जोडली. लवचिक पट्टी वाकविली असता ती कोणता आकार घेते, हा पुरवणीचा विषय. वाकलेली पट्टी आपल्यात साठविलेले बळ कमीत कमी राहील असाच आकार घेते, हा विचार डानिएल बर्नुलीने त्यास पत्राने सुचविला होता. ऑयलरने अशा आकारांचे नऊ वर्ग पाडले. आणि पहिल्याच वर्गात, जेथे पट्टी जवळजवळ सरळच आहे व बाक अगदी नाममात्र आहे, तेथे त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पट्टीस बाक आणण्यासाठी टोकावरचा भार एका ठराविक मर्यादेस पोहोचावा लागतो. त्याखाली कितीही दाबा, ती सरळच राहते. मर्यादा ओलांडली की सरळ राहणे तिला शक्य नसते. ही मर्यादा पट्टीच्या ताठपणाच्या सम प्रमाणात व लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली तर मर्यादा चौथाई. लांबी निम्मी केली तर चौपट. आमच्या विद्यार्थिनीचे उत्तर हेच.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. या नियमात पदार्थ किती भाराने तुटतो हे कोठेच येत नाही. तो किती ताठ आहे एवढेच येते. साध्या पोलादाऐवजी दुप्पट मजबूत पोलादाची सळई आणली तरी तिचा ताठपणा जवळपास तितकाच असतो, म्हणून सडपातळ सळई त्याच भाराने बाक घेईल. पैसा अधिक खर्चून उपयोग नाही. आकार बदलला पाहिजे. जाडी दुप्पट केली तर गोल सळईची मर्यादा सोळापट होते. बांबू पोकळ असूनही उभा राहतो याचे कारण त्याचा पदार्थ मध्यापासून दूर, कडेला साठविलेला असतो. आम्ही कॉलेजात असताना हे सूत्र घोकून परीक्षा दिली; पण ते सांगते काय, हे मात्र शिकवू लागल्यावरच समजले.

हॉलंडातील मुशेनब्रुक या विद्वानाने १७२९ मध्ये लाकडी कांबींवर प्रयोग करून लांबीच्या वर्गाचा हा संबंध आधीच नोंदविला होता. त्याचे कारण ऑयलरच्या गणिताने दिले. १७५७ मध्ये ऑयलरने खांबांच्या बळावर स्वतंत्र निबंध लिहून तेच सूत्र अधिक सोप्या मार्गाने सिद्ध केले. पण त्याचे कौतुक करावयास त्या काळी कोण होते? तेव्हाचे खांब दगडाचे व जाडजूड. ते बाक घेण्यापूर्वीच चिरडून जात. कारागिरांस या सूत्राचा काही उपयोग नव्हता.

राजा फ्रेडरिक यासही अशा गणिताची गोडी नव्हती. त्यास चटपटीत बोलणारे, कवित्व करणारे लोक प्रिय. हा एकाक्ष, साधा, धर्मनिष्ठ कुटुंबवत्सल मनुष्य त्यास रुक्ष वाटे. सांसुसी येथील राजवाड्याच्या बागेत उंच कारंजी उडवावयाची होती. १७४९ मध्ये ऑयलरने हिशेब करून बजाविले की योजलेले नळ आतील पाण्याचा दाब सोसणार नाहीत. त्याचे कोणी ऐकले नाही. नळ फुटले, कारंजी उडाली नाहीत, आणि राजाने दोष गणितास दिला! ज्याने आगाऊ इशारा दिला त्याच्याच माथी खापर फुटावे हा न्याय कचेऱ्यांतून व कारखान्यांतून अद्यापि चालत आलेला आहे. १७६० मध्ये युद्ध चालू असता रशियन सैन्याने शार्लोटेनबुर्ग येथील ऑयलरची शेतीवाडी लुटली. मात्र ती कोणाची हे कळताच त्याची भरपाई करण्यात आली. परराष्ट्राच्या शत्रूने राखला तेवढा मान आपल्या राजाने राखला नाही, हे त्यास जाणविले असावे.

१७६६ साली सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या बोलावण्यावरून तो सेंट पीटर्सबर्गला परत गेला. त्या वेळी त्याचे वय एकोणसाठ होते. तेथे पोहोचताच डाव्या डोळ्यासही मोतीबिंदूने ग्रासले व जग अंधुक झाले. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया होऊन काही दिवस त्यास पुन्हा दिसू लागले. पण डोळा चिघळला व तो प्रकाश कायमचा गेला. त्याच वर्षी नगरात मोठी आग लागून त्याचे घर भस्म झाले. आंधळा म्हातारा आतच राहिला होता. बाझलचाच एक कारागीर, पीटर ग्रिम त्याचे नाव, ज्वाळांतून आत शिरला व त्यास खांद्यावर घेऊन बाहेर आला. हस्तलिखितेही बहुतेक वाचली. दोन वर्षांनी पत्नी वारली.

सामान्य मनुष्य येथेच खचला असता. ऑयलरने मात्र आपल्या एकंदर लेखनापैकी जवळजवळ अर्धे लेखन या अंधत्वाच्या काळात केले. बीजगणितावरील त्याचे प्रसिद्ध पुस्तक त्याने एका नोकरास सांगून लिहविले. हा तरुण मूळचा शिंपीकामाचा उमेदवार होता, त्यास गणित ठाऊक नव्हते. तो समजला तर कोणीही समजेल, हे त्याचे माप. पुढे बाझलहून निकोलाउस फुस नावाचा तरुण लेखनिक म्हणून आला. पाटीवर खडूने मोठाली अक्षरे काढून ऑयलर समीकरणे मांडी व शिष्य ती विस्ताराने उतरून घेत. स्मरणशक्ती तर अचाट. दोन शिष्यांनी एका श्रेणीची सतरा पदे मिळविली व पन्नासाव्या अंकात त्यांचे उत्तर जुळेना, तेव्हा अंध गुरूने ते सारे गणित मनातल्या मनात करून चूक कोणाची ते सांगितले. व्हर्जिल कवीचे संपूर्ण महाकाव्य त्यास मुखोद्गत होते.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो ज्याचा वर उल्लेख केला आहे, व जो आमच्या मते या सर्व चमत्कारांहून मोठा आहे. १७७८ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा खांबाकडे वळला. या वेळचा प्रश्न अधिक अवघड होता. खांबाच्या डोक्यावर काहीच ठेविले नाही, पण खांब स्वतःच उंच उंच करीत नेला, तर तो आपल्याच वजनाने बाक घेईल काय? ऑयलरने गणित केले आणि उत्तर आले की कधीच घेणार नाही, मग उंची काही असो. हे उत्तर त्याचे त्यासच पटेना. बारीक दोरीएवढा खांब आकाशास भिडविला तर तो ढासळेल हे कोणासही दिसते. गणित मात्र नाही म्हणते! विसाव्या वर्षीच्या ऑयलरने कदाचित गणितावर बोट ठेवून अनुभवास खोटे ठरविले असते. या वृद्धाने तसे केले नाही. दुसऱ्या निबंधात त्याने ही विसंगती उघडपणे मांडून तिची छाननी केली, आणि तिसऱ्यात, फिरून सर्व हिशेब तपासून, आधीच्या गणनेत चूक होती असे दाखविले व खांब स्वतःच्या वजनाने ढासळू शकतो हे सिद्ध केले. तिन्ही निबंध विद्वत्परिषदेच्या एकाच वार्षिक खंडात लागोपाठ छापलेले आहेत. पहिले दोन गुपचूप मागे घेणे कठीण नव्हते. युरोपातील सर्वश्रेष्ठ गणिती म्हणून ज्याची द्वाही फिरलेली, त्याने आपली चूक जगास वाचावयास दिली. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून चुकीचे गणित रबराने इतके खोडलेले असते की कागदास भोक पडते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्याच्या मृत्यूनंतर या सूत्राचे काय झाले? बराच काळ काहीच नाही. मग लोखंडाचे युग आले, खांब व तुळया सडपातळ होऊ लागल्या, आणि विसरलेले सूत्र पुन्हा शोधावे लागले. १८४५ मध्ये लामार्ल याने त्याची मर्यादा स्पष्ट केली: आखूड खांबास ते लागू नाही, लांब व सडपातळ खांबास अगदी बरोबर लागू आहे. जेथे या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तेथे प्राण गेले. कॅनडातील क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला प्रचंड पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला व ७५ कामकरी मृत्युमुखी पडले. दाब सोसणारी खालची पोलादी अंगे बाक घेऊन निकामी झाली होती. अपघातापूर्वी काही दिवस त्या अंगांत वाकडेपणा दिसू लागला होता व त्यावर पत्रव्यवहारही चालला होता; काम मात्र थांबले नाही. ऑयलरच्या जन्मास त्याच वर्षी दोनशे वर्षे पुरी झाली होती.

पुढे मनुष्य समुद्रात उतरला. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने तेल शोधून काढले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथील तेलाचे फलाट पाऊणशे मीटर खोल पाण्यात पोलादी नळ्यांच्या पायांवर उभे आहेत, व त्या प्रत्येक नळीची लांबी-जाडी ठरविताना अभियंत्यांस ऑयलरचे सूत्र स्मरावे लागले आहे. उत्तर समुद्रात तर पायाचा याहून नवलाचा प्रकार निघाला. एक अवाढव्य पोलादी बादली पालथी करून समुद्रतळावर ठेवावयाची. स्वतःच्या वजनाने ती थोडी रुतते. मग तिच्या आतील पाणी पंपाने उपसावयाचे, म्हणजे बाहेरचा पाण्याचा दाब तिला खाली ढकलतो व ती वाळूत शिरत जाते. घण नको, आवाज नको. १९९४ मध्ये उत्तर समुद्रातील ड्रॉप्नर येथे सत्तर मीटर पाण्यात एक मोठा फलाट अशा पायांवर बसविला गेला. त्यानेच १ जानेवारी १९९५ च्या वादळात २५.६ मीटर उंचीच्या एका लाटेची नोंद केली, आणि पाया ढळला नाही.

परंतु जो दाब बादलीस खाली ढकलतो तोच तिच्या भिंतीस आतही ढकलतो. २००५ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे पवनचक्कीसाठी अशी एक बादली बसविण्यात येत होती. तिचा व्यास १६ मीटर व भिंतीची जाडी सुमारे २५ मिलिमीटर. हे प्रमाण वाचकांनी मनाशी करून पाहावे: शीतपेयाच्या पत्र्याच्या डब्याचे प्रमाण साधारण तेवढेच असते. बसविणाऱ्या जहाजाचा तिला धक्का लागून भिंतीस पोचा पडला. उपसा चालू असता बादलीने अर्धीही खोली गाठली नव्हती तोच ती भिंत बाक घेऊन आत चेपली, व सारे काम फुकट गेले. रिकाम्या डब्यावर अलगद उभे राहिले तर तो मनुष्याचा भार सोसतो. कुशीला बोटाने टिचकी मारताच चपटा होतो. लहानशा पोच्याने पातळ भिंतीचे बळ इतके का घटते, याचे गणित हॉलंडच्या कॉइटर या विद्वानाने १९४५ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, डेल्फ्ट येथील आपल्या प्रबंधात मांडले होते.

अशा बादलीचे गणित कागदावर पुरे होत नाही, म्हणून ते आता संगणकावर करतात. आमचा एक माजी विद्यार्थी याच उद्योगात आहे. नाताळच्या सुट्टीत आला असता त्याने ती करामत आम्हांस दाखविली. संबंध बादलीचे हजारो लहान तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशी सांध्यांनी जोडलेला. भोवतालच्या व आतल्या मातीचेही तसेच तुकडे. प्रथम संगणकास विचारावयाचे की भार किती पटीने वाढविला असता ही भिंत आपला आकार टिकवू शकणार नाही. हा प्रश्न ऑयलरचाच. मग भिंतीत मुद्दाम लहानसे पोचे कल्पून, मातीचा मऊपणा व पोलादाचा नमतेपणा हिशेबात धरून, तेच पुन्हा करावयाचे. आणि उत्तर पहिल्याहून पुष्कळच कमी येते. बादली जसजशी रुतते तसतशी उघडी भिंत आखूड होते, म्हणजे अधिक बळकट होते. पण माती अधिक अडवू लागल्यामुळे उपसाही वाढवावा लागतो. ही एक शर्यतच आहे. दर पावलास, लागणारा उपसा व भिंतीस सोसणारा उपसा यांची तुलना करीत खाली जावयाचे. पडद्यावर भिंतीच्या लाटा रंगीत होऊन उमटल्या तेव्हा आम्ही त्यास तुकडे पाडण्याची मूळ युक्ती कोणाची असे विचारले. त्याने पाच-सहा नावे घेतली, सर्व विसाव्या शतकातील. खांबाचे सूत्र व वक्ररेषेचे तुकडे ही दोन्ही १७४४ च्या एकाच पुस्तकात आहेत हे ऐकून तो काही वेळ गप्प बसला.

पुन्हा त्या वृद्ध गृहस्थाकडे वळू. १७७६ मध्ये त्याने पहिल्या पत्नीच्या सावत्र बहिणीशी विवाह केला होता. घर पुन्हा नातवंडांनी भरले होते. १७८३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंनी उष्ण हवेचा पहिला फुगा आकाशात सोडला व ती वार्ता सेंट पीटर्सबर्गपर्यंत आली. ऑयलर लागलाच फुग्याच्या चढण्याचे गणित करू लागला. १८ सप्टेंबर रोजी सकाळी त्याने एका नातवास गणिताचा धडा दिला. दुपारी लेक्सेल या शिष्याशी नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या मार्गाविषयी बोलणे झाले. नंतर चहा घेत, एका नातवाशी खेळत असता मेंदूत रक्तस्राव होऊन तो एकाएकी कोसळला, व त्याच रात्री त्याचा अंत झाला. वय शहात्तर वर्षांचे होते. त्याचे अप्रसिद्ध निबंध छापून संपविण्यास सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेस पुढे सुमारे पन्नास वर्षे लागली. फुग्याचे गणित पाटीवर तसेच राहिले होते. ते शिष्यांनी उतरून घेतले.